कोकणातले शनवार तेली



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'कोकणातले शनवार तेली' असे सांगितले. त्यावर एका उत्साही चालकांनी विचारले, "म्हणजे तेलाच्या धंद्यावर बोलणार का?" त्यांचा काही दोष नाही. हे नाव ऐकताच ज्यांच्या डोळ्यांपुढे एखादे घर, एखादे कुटुंब उभे राहावे, अशी माणसेच आता थोडी उरली आहेत. तेलाच्या धंद्याबद्दल आम्हांला फारसे कळत नाही. आज बोलायचे आहे ते माणसांबद्दल. एका लहानशा समाजाची घडण कशी होते, ती कशी बदलते, आणि 'हे आपले, हे परके' असे आपण कशावरून ठरवतो, हा आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?" दुसरा प्रश्न, "मूळचे कोठले?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांत माणसाची सारी कुंडली सापडते अशी आपली समजूत. आता आम्ही काही आडनावे सांगतो. दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहिमकर, चेऊलकर, राजपूरकर. कोकणचा नकाशा ज्याला ठाऊक आहे तो एकेका आडनावावर बोट ठेवून गाव दाखवील. पण ही सारी आडनावे यहुदी कुटुंबांची आहेत. बोलणे मराठी, लुगडे नऊवारी, घर कौलारू, आणि प्रार्थना हिब्रू. हेच बेने इस्रायल. तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली निराळे. कोकणच्या लेखी दोघांत फरक एवढाच होता, की एकाच्या बैलाला शनिवारी विश्रांती आणि दुसऱ्याच्या बैलाला सोमवारी.

हे लोक आले कोठून? त्यांची परंपरा सांगते, की पुरातन काळी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच पुरले. वाचलेल्यांचा पोथ्यापुराणांचा ठेवा समुद्राने नेला. हाइम सॅम्युएल किहिमकर या गृहस्थांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, तो पुढे १९३७ मध्ये छापला गेला. त्यांनी हे आगमन ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकातले मानले आहे. इतर विद्वान निरनिराळे काळ सांगतात. अठराव्या शतकापूर्वीचा लेखी पुरावा जवळजवळ नाही, त्यामुळे वाद मिटणारा नाही. एवढे मात्र खरे, की शतकानुशतके जगातल्या इतर यहुद्यांशी संबंध नसताना या माणसांनी चार गोष्टी धरून ठेवल्या. आठव्या दिवशी मुलाची सुंता करावी, शनिवारी काम करू नये, खवले आणि पर नसलेला मासा खाऊ नये, आणि ईश्वर एक आहे हे सांगणारे 'शेमा' हे वचन प्रत्येक शुभाशुभ प्रसंगी म्हणावे. अर्थ कळो न कळो, म्हणावे.

दावीद राहाबी नावाचा एक यहुदी गुरू पुढे कोकणात आला, त्याची कथा त्यांच्या घराघरांत सांगत असत. हे लोक खरे कोण, हे त्याला पारखायचे होते. त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवल्याचे, पराचे मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. ही कथा आज पुन्हा लागणार आहे, ती लक्षात ठेवावी. त्याने रक्त तपासले नाही, वंशावळ मागितली नाही, स्वयंपाकघरात काय चालते ते पाहिले.

कोकणाने या लोकांचा छळ केला नाही. जगात यहुद्यांच्या वाट्याला जे आले ते ऐकले म्हणजे ही गोष्ट लहान वाटत नाही, आणि आपण ती अभिमानाने सांगतोही. पण अभिमान बाळगताना थोडे खोलात जावे. कोकणाने त्यांना जागा दिली ती कशी? तेली म्हणून. आपला समाज हा अनेक खणांचा फडताळ आहे. परका आला की त्याला एक खण द्यायचा, नाव चिकटवायचे, आणि फडताळ बंद करायचे. त्या खणात त्याने आपला देव पुजावा, आपले अन्न खावे, आपल्यातच लग्ने करावी. कोणी बोलणार नाही. शेजारधर्म उत्तम, सणावारी देवघेव उत्तम. पण पंगतीला पान शेजारी मांडायचे की नाही, हे खणाने ठरायचे. छळ नव्हता याचे श्रेय घेऊ, पण जवळ घेतले होते असे म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

तरीही या सहवासातून जे निपजले ते मोठे गोड होते. विधवेचा पुनर्विवाह टाळणे, गोमांस वर्ज्य मानणे, या शेजारच्या चाली त्यांनी उचलल्या. नवस फेडायचा तर 'मलिदा' करावा, म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गोड घालून, वर फळे मांडून एलियाहू नबीचे स्मरण करावे. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला खडकावर एक खूण दाखवतात आणि एलियाहूचा रथ येथून गेला असे सांगतात. पंढरीची वाट तुडवणाऱ्या मुलखात यहुदी प्रेषितालाही एक कोकणी क्षेत्र मिळाले! त्यांच्या वल्हांडणाच्या सणाची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. पुण्याच्या पोथीत सणाची बेखमीर भाकर लाटणाऱ्या बायकांची चित्रे आहेत, त्या लुगडी नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास तर या समाजात मराठी कीर्तने सुरू झाली. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या सगळे आपलेच, आख्यान मात्र मोशेचे किंवा योसेफाचे. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू धर्मग्रंथांची मराठी भाषांतरे केली. मराठीत किती देव नांदतात याची मोजदाद करताना आपण हे पुस्तकांचे कपाट सहसा उघडत नाही.

मग इंग्रजी राज्य आले आणि घाणा सुटला. कोकणातून मुंबईची वाट धरली ती फौजेत, रेल्वेत, कचेऱ्यांत. फौजेतले एक अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हैसूरच्या युद्धात कैद झाले, आणि सुटकेनंतर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत, आणि मस्जिद स्थानकाचे नाव त्या जुन्या मशिदीवरून आले असे पुष्कळ जण सांगतात. पुढे या लहानशा समाजातून काय माणसे निघाली पाहा. मुंबईचे महापौर डॉ. एलिजा मोझेस, कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. जेरुशा झिराड, कवी निसिम इझिकेल, आणि 'बूट पॉलिश' मधला जॉनचाचा ज्यांनी पाहिला त्यांना आठवणारे डेव्हिड, म्हणजेच डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

येथवर कथा ऐकायला सुखाची आहे. आता तिची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान न होता सत्कारसमारंभ होईल.

ज्या फडताळात त्यांना खण मिळाला, तसेच खण त्यांनी आपल्या खणाच्या आत पाडले. 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल'. काळे म्हणजे कातडीने काळे असे नव्हे. ज्यांच्या कुळात बापाकडून इस्रायल आणि आईकडून बाहेरचे रक्त आले असे मानले गेले, ते काळे. दोघांचा देव एक, प्रार्थना एक, शब्बाथ एक. पण गोऱ्यांची मुलगी काळ्यांच्या घरी द्यायची नाही, एका ताटात जेवायचे नाही, आणि प्रार्थनामंदिरातही काळ्यांनी मागे बसायचे. ही चाल त्यांच्या धर्मग्रंथातली नव्हे. ती कोठून आली हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको.

याच सुमारास त्यांच्यावरही तीच पाळी आली. एकोणिसाव्या शतकात बगदादकडचे यहुदी व्यापारी मुंबईत स्थिरावले. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास आले. आरंभी हे पाहुणे बेने इस्रायलांच्याच मंदिरात प्रार्थना करीत, त्यांच्याच दफनभूमीत पुरले जात. हातात पैसा खेळू लागला तशी शंका सुरू झाली. हे मराठी बोलणारे, सावळ्या रंगाचे लोक अस्सल यहुदी कशावरून? १८३६ मध्ये सरकारकडे अर्ज गेला, की दफनभूमीत आमच्या आणि यांच्या थडग्यांमध्ये भिंत घालून द्यावी. सोवळे जिवंतपणी पाळणारे पुष्कळ पाहिले, पण मेल्यावरही पाळू पाहणारे थोडेच! आणि ज्यांच्याविरुद्ध हा अर्ज होता, ते त्याच काळात आपल्या मंदिरात काळ्या इस्रायलांना मागे बसवीत होते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, १९४८ साली इस्रायलचे राष्ट्र स्थापन झाले. बेने इस्रायल निघाले. कोणी हाकलले नव्हते. इंग्रजी अमदानीतल्या नोकऱ्यांचा भरवसा संपला होता, आणि प्रत्येक प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव घेतले ती भूमी बोलावीत होती. दोन्ही कारणे खरी. १९५१ च्या जनगणनेत भारतात सर्व प्रकारचे मिळून सुमारे सव्वीस हजार यहुदी होते. २०११ च्या जनगणनेत ते साडेचार हजारांच्या थोडे वर, आणि त्यांपैकी महाराष्ट्रात अडीच हजारही नाहीत. उलट इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे यहुदी सत्तर हजारांहून अधिक असावेत असा अंदाज आहे, आणि त्यांत मोठा भाग बेने इस्रायलांचा. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद या गावी त्यांची वस्ती झाली.

तेथे काय झाले? कोकणात हे 'इस्रायल लोक' होते, इस्रायलात हे 'हिंदी लोक' झाले. रंगावरून कामात, घरात, वागणुकीत दुजाभाव होतो अशी तक्रार घेऊन १९५१ मध्ये काहींनी धरणे धरले. आम्हांला परत हिंदुस्थानात पाठवा, ही त्यांची मागणी! १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोक खरोखर परत आले, आणि त्यांतले पुष्कळ पुढे पुन्हा तिकडे गेले. दोन्ही घरांतून बाहेर आणि दोन्ही घरांची ओढ, असे ते येणेजाणे होते.

याहून कठीण प्रसंग लग्नाचा. इस्रायलात यहुद्यांचे लग्न धर्मगुरूंच्या हाती. १९६१ मध्ये प्रमुख धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह ग्राह्य ठरवला. पण १९६२ मध्ये सूचना निघाल्या, की लग्न नोंदवण्यापूर्वी अशा वधूवरांच्या आईच्या बाजूच्या पिढ्या शक्य तितक्या मागे तपासाव्यात. बाहेरचे रक्त आले आहे काय, कोणाचा घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे न होता पुनर्विवाह झाला आहे काय, ते पाहावे. जरा कल्पना करा. दिमोनात कारखान्यात काम करणारी मुलगी. तिने उत्तर द्यायचे आहे, की रोह्याच्या किंवा मुरूडच्या आपल्या आजीच्या आजीची आई कोण होती. कागद कोठला? जहाज फुटले तेव्हाच बुडाला, असे सांगायचे काय?

समाज उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आठवडेच्या आठवडे धरणे चालले. अखेर ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी संसदेत सांगितले, की सरकार बेने इस्रायलांना सर्व बाबतींत यहुदी मानते. त्यानंतर धर्मपीठाने आपल्या सूचनांतून या समाजाचे नाव काढून टाकले. लढा जिंकला. तो मोलाने जिंकला आणि न्यायाने जिंकला, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

येथे दोन समाजांची तुलना सुचते. खणांच्या समाजात परक्याला जागा चटकन मिळते, कारण त्याला कोणी 'आपला' म्हणणारच नसते. सगळे एकच, असे म्हणणाऱ्या राष्ट्रात मात्र आत घेण्यापूर्वी परीक्षा होते. पहिल्यात अपमान संथ असतो, पिढ्यान्‌पिढ्या मुरतो, आणि म्हणून टोचत नाही. दुसऱ्यात तो एका कागदावर लिहून हातात येतो, आणि म्हणून त्याविरुद्ध रस्त्यावर बसता येते. कोणते बरे, याचा निकाल आम्ही देत नाही. पण आपल्याकडे धरणे धरले गेले नाही म्हणून अन्यायच नव्हता, असे समजण्याची चूक करू नये.

आता विज्ञान काय म्हणते तेही सांगून टाकतो. २०१६ मध्ये बेने इस्रायलांच्या आनुवंशिक घटकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की त्यांच्या वंशात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा वाटा स्पष्ट आहे, आणि भारतीयांचाही वाटा मोठा आहे. हे मिश्रण साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वी झालेले दिसते, आणि त्यात मुख्यतः पुरुष यहुदी व बायका येथल्या होत्या. म्हणजे परंपराही खोटी नव्हती आणि शंका घेणारेही सर्वस्वी खोटे नव्हते. पण यातला खरा धडा निराळाच आहे. बापाकडून इस्रायल, आईकडून येथली, ही तर काळ्या इस्रायलांची व्याख्या! ज्या मिश्रणाच्या नावाने एका घराला मागच्या बाकावर बसवले, त्याच मिश्रणातून पुढच्या बाकावरची घरेही निघाली होती. फरक एवढाच, की एकाची आठवण ताजी होती आणि दुसऱ्याची बुजली होती. 'शुद्ध वंश' याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो, की कोणाच्या आजीचे नाव लोक विसरले आहेत.

आणि हे एकट्या बेने इस्रायलांचे आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या मागे एखादे फुटलेले जहाज असेल. कोणाचे समुद्रावर फुटले असेल, कोणाचे दुष्काळात, कोणाचे लढाईत. आपण किनाऱ्याला लागलो आणि गावाचे नाव आडनाव म्हणून लावून बसलो.

आम्ही मध्यंतरी अलिबागला गेलो होतो. तेथे अजून इस्रायल आळी आहे. १८४८ साली उभारलेले आणि १९१० साली पुन्हा बांधलेले 'मागेन अबोथ' प्रार्थनामंदिर आहे. दार स्वच्छ, अंगण झाडलेले. २०१६ पासून महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आहे. मान्यता आली तेव्हा माणसे मोजकी उरली होती. आळीत उभे राहून आम्ही विचार केला, की या गावाचे काय गेले? घरे रिकामी राहत नाहीत, तेथे दुसरे आले. गेले ते हे, की शेजारच्या मुलाला लहानपणीच कळत असे, शनिवारी एका घरी दिवा लावायची रीत निराळी आहे आणि तरी ते घर आपल्याच आळीतले आहे. हे शिक्षण कोणत्या शाळेत मिळेल?

तिकडे गेलेल्यांनी मात्र मराठी सोडली नाही. इस्रायलात 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले, मलिदा अजून होतो, पोहे आणि खोबरे अजून लागते. आपण त्यांना एका खणाइतकेच दिले होते. त्यांनी ते घर समजून बरोबर नेले.

आता शेवटचे, आणि ते आपल्या गावाबद्दलचे. कोकणाची घडण आजही बदलते आहे. रत्नागिरीकडच्या आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार आहेत, मासेमारीच्या होड्यांवर नेपाळचे, उत्तरेचे खलाशी आहेत. घाटावरच्या आपल्यासारख्या गावांतही गवंडी, सुतार, हॉटेलातले पोरगे दूरदूरच्या मुलखांतून येतात. त्यांची मुले आपल्या नगरपालिकेच्या शाळेत मराठी कविता पाठ म्हणतात. या मुलांना आपण कोणता खण देणार? की दोनशे वर्षांनी कोणी विद्वान त्यांच्या नातवंडांचे रक्त तपासून ते आपले होते असे सांगेपर्यंत वाट पाहणार?

दावीद राहाबीने वंशावळ मागितली नाही, माशांची टोपली पुढे ठेवली. माणूस कसा जगतो ते पाहिले आणि त्याला आपला म्हटले. त्याच्यापाशी आजच्यासारखी शास्त्रीय साधने नव्हती. पण त्याची कसोटी धर्मपीठाच्या चौकशीपेक्षा शहाणपणाची होती असे आम्हांला वाटते. उद्या दारात नवा शेजारी आला, तर आडनाव विचारण्यापूर्वी त्याला निदान आत बसायला सांगू या. आडनाव काय, ते पुढे त्याची मुले ठेवतील. कदाचित आपल्याच गावाचे ठेवतील.